टॉवेलाचे वजन आणि विणकराचा वेळ



या व्यासपीठावरून आपण राज्यघटनेवर, शेतीवर, संतवाङ्मयावर व्याख्याने ऐकता. मी विषय निवडला आहे तो अंग पुसण्याच्या टॉवेलाचा. कोणी म्हणेल, यात व्याख्यान कसले द्यावयाचे? परंतु माझी शाळा सातवीलाच सुटली आणि पुढचे जे काही शिक्षण झाले ते यंत्रमागाच्या खडखडाटात आणि कामगारांच्या बैठकांत झाले. जे हाताखालून गेले आहे त्याविषयीच बोलावे, हे बरे. शिवाय टॉवेल प्रत्येकाच्या घरी आहे. तो घेणाऱ्याचे हित आणि तो विणणाऱ्याचे हित एका जागी कोठे भेटते, हे मला आज दाखवावयाचे आहे.

हल्ली दुकानात गेले की टॉवेलाच्या चिठ्ठीवर 'जीएसएम' अशी अक्षरे आणि पुढे ४००, ५००, ६०० असा आकडा छापलेला दिसतो. याचा अर्थ सोपा आहे. एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद एवढ्या कापडाचे वजन किती ग्रॅम भरते, ते हा आकडा सांगतो. ३०० ते ४०० म्हणजे हलका माल, ४०० ते ६०० मध्यम, आणि ६०० च्या पुढे भारी, अशी बाजारातली ढोबळ विभागणी आहे.

हा आकडा खरा की खोटा, हे घरच्या घरी पडताळता येते. स्वयंपाकघरात मसाला मोजण्याचा काटा असेल तर तो पुरे. टॉवेल ७५ सेंटिमीटर रुंद आणि १५० सेंटिमीटर लांब असेल तर त्याचे क्षेत्रफळ १.१२५ चौरस मीटर झाले. काट्यावर तो ४५० ग्रॅम भरला, तर ४५० ला १.१२५ ने भागा. उत्तर ४०० येते. तोच टॉवेल ६०० चा म्हणून विकला असेल तर काट्यावर ६७५ ग्रॅम भरावयास हवा. थोडा फरक समजून घ्यावा. कारण काठाशी आणि नक्षीच्या पट्टीत फासे नसतात, तेथे कापड हलके असते.

मोजपट्टीही हाताशी ठेवावी. ७५ बाय १५० च्या जागी ७२ बाय १४५ चा टॉवेल दिला तर डोळ्याला फरक कळत नाही. पण कापड शेकडा सात टक्के कमी झालेले असते. ४०० च्या मालात एका टॉवेलामागे सुमारे ३२ ग्रॅम आणि डझनामागे जवळजवळ ४०० ग्रॅम सूत वाचले. चिठ्ठीवरचा ४०० चा आकडा मात्र खराच राहिला!

आता वजन कमी-जास्त का होते, हे समजण्यासाठी टॉवेल विणला कसा जातो ते पाहू. फासे असलेल्या या कापडाला आपले वाडवडील 'टर्किश टॉवेल' म्हणत, आणि ते नाव योग्यच होते. तुर्कस्तानात, विशेषतः बुर्सा शहरात, असे कापड हातमागावर विणले जात असे. हेन्री ख्रिस्टी नावाच्या इंग्रज गृहस्थाने ते पाहिले, इंग्लंडात ते यंत्रावर विणण्याची खटपट झाली, आणि १८५१ सालच्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात ते टॉवेल मांडले गेले. आपल्याकडे या धंद्याचे मोठे केंद्र म्हणजे सोलापूर. तेथे १८७७ साली कापडाची पहिली गिरणी निघाली. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी तेथे माग उभे केले. आणि पुढे सोलापुरी चादरीबरोबर सोलापुरी टेरी टॉवेलालाही भौगोलिक मानांकन मिळाले.

साध्या कापडाला उभ्या धाग्यांचे एक बीम असते. टॉवेलाला दोन लागतात. एका बीमवरचे धागे घट्ट ताणलेले असतात. त्यांनी कापडाची जमीन तयार होते. दुसऱ्या बीमवरचे धागे सैल सोडलेले असतात; ते फाशांचे. आडवे दोन धागे घातले की फणी त्यांना कापडाच्या कडेपर्यंत नेत नाही, थोड्या अंतरावरच सोडते. तिसरा धागा पडला की फणी पुरा ठोका देते. तिन्ही आडवे धागे एकदम पुढे सरकतात, ताठ धाग्यांवरून घसरत जातात, आणि सैल धागे त्यांच्यात अडकून वर-खाली फुगतात. ते फुगलेले धागे म्हणजेच फासे. पाणी शोषण्याचे काम ते करतात.

म्हणजे टॉवेल भारी करण्याचे मुख्य मार्ग तीन झाले. पहिला, सूत जाड घेणे. सुताचा नंबर उलटा चालतो, हे ध्यानात असू द्या. २० नंबरी सूत म्हणजे ८४० वारांच्या २० लडी एका पौंडात बसतात असे सूत. नंबर वाढला की सूत बारीक होते. दुसरा मार्ग, फास लांब सोडणे. तिसरा, दर इंचात आडवे धागे अधिक घालणे, म्हणजे वीण दाट करणे.

आता माझ्या मुद्द्यावर येतो. फास लांब केला तर सूत अधिक खर्च होते. परंतु माग तेवढेच ठोके देतो. वीण दाट केली तर ठोके वाढतात, म्हणजे मागाचा आणि माणसाचा वेळ वाढतो. हिशेब करून पाहू. समजा, टॉवेल ६० इंच लांब आहे, मागावर एका वेळी एकच टॉवेल निघतो आणि माग मिनिटाला १२० आडवे धागे घालतो. इंचाला ४० धागे असतील तर टॉवेलास २४०० धागे लागले, म्हणजे २० मिनिटे. इंचाला ४८ धागे असतील तर २८८० धागे लागले, म्हणजे २४ मिनिटे. धागा तुटणे, कांडी बदलणे यांचा वेळ वेगळाच. एका टॉवेलामागे चार मिनिटे ही क्षुल्लक वाटतील. पण डझनामागे ती ४८ मिनिटे होतात.

मजुरी जर डझनावर ठरलेली असेल आणि मालकाने वीण दाट करावयास सांगितली, तर ही ४८ मिनिटे विणकराने फुकट दिली. मजुरी जर वजनावर ठरलेली असेल आणि हलक्या, बारीक सुताचा माल लावला, तर ठोके तेवढेच देऊन त्याच्या हाती पैसा कमी पडतो. म्हणून मजुरीच्या वाटाघाटीला बसताना मी कार्यकर्त्यांना नेहमी सांगतो की नुसता दर विचारू नका. सुताचा नंबर, इंचातले धागे आणि टॉवेलाची लांबी करारात लिहून घ्या. दर तोच ठेवून काम वाढविता येते, आणि ज्याला हिशेब येत नाही त्याला ते महिनाअखेरपर्यंत कळत नाही.

याचा गिऱ्हाइकाशी संबंध काय, असे आपण विचाराल. संबंध असा की चिठ्ठीवरचा ५०० चा आकडा वजन सांगतो, ते वजन कोणत्या मार्गाने आले ते सांगत नाही. विरळ विणीवर लांबलचक फास सोडूनही ५०० भरते आणि दाट विणीवर आखूड, घट्ट फास घेऊनही ५०० भरते. पहिला टॉवेल दुकानात गुबगुबीत दिसतो. पण बांगडीत, नखात, यंत्राच्या पिंपात त्याचे फास ओढले जातात आणि लवकरच दोरे लोंबू लागतात. दुसरा दिसावयास बेताचा असतो, पण टिकतो. टिकणारा माल हाच अधिक मेहनतीचा माल आहे. जो गिऱ्हाईक वीण पाहून घेतो तो आपला पैसा वाचवितो आणि विणकराच्या वेळेलाही किंमत आणतो.

वीण पाहण्याची रीत सोपी आहे. बोटांनी फास बाजूला सारा आणि टॉवेल उजेडाकडे धरा. खालची जमीन जाळीसारखी दिसली तर वीण विरळ समजावी. एखादा फास चिमटीत धरून हलकेच ओढा. सहज लांबत आला तर तो पकडीत नाही.

मऊपणानेही भुलू नये. तयार मालाला मऊ करणारी रसायने लावलेली असतात. त्यांपैकी काहींचा थर पाण्याला आत जाऊ देत नाही. नव्या टॉवेलाने अंग पुसले तर पाणी नुसते पसरते, हा अनुभव पुष्कळांना आहे. टॉवेलावर पाण्याचा एक थेंब सोडून पाहावा. तो लगेच जिरला तर उत्तम. मोत्यासारखा वर उभा राहिला तर एक-दोन धुण्यांनंतर पुन्हा परीक्षा घ्यावी. घरीही प्रत्येक धुण्यात मऊ करणारे औषध घालू नये.

वजन करताना हवेचाही विचार हवा. कापूस हवेतले पाणी धरून ठेवतो. व्यापारात कोरड्या कापसाच्या शेकडा साडेआठ भाग ओलावा प्रमाण धरतात. पावसाळी हवेत तो याहून वाढतो. म्हणून प्रयोगशाळेत कापड ठराविक दमटपणाच्या हवेत ठेवूनच तोलतात. श्रावणातल्या वजनावरून वैशाखातल्या मालाशी तुलना करू नये.

शेवटी, भारी तेच चांगले असे मानण्याचे कारण नाही. ६००-७०० चा जाड टॉवेल मोठ्या हॉटेलात शोभतो, कारण तेथे वाळविण्याचे यंत्र असते. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात, दोरीवर, जुलै महिन्यात तोच टॉवेल दोन दिवस ओला राहतो आणि त्याला कुबट वास येतो. कोकणातल्या माणसाने पंचा जवळ केला तो केवळ गरिबीमुळे नव्हे; तो पिळता येतो, झटकता येतो आणि तासाभरात वाळतो. रोजच्या वापराला ४०० च्या आसपासचा, दाट विणीचा, निव्वळ सुती टॉवेल आपल्या हवेत पुष्कळ झाला. प्रवासाला त्याहून हलका घ्यावा. ज्याच्या घरी ऊन आणि जागा आहे त्याने खुशाल भारी घ्यावा.

आपल्यापैकी काही जण रुग्णालयाच्या, वसतिगृहाच्या, पतसंस्थेच्या खरेदी समितीवर असतील. त्यांना माझी विशेष विनंती आहे. निविदेत 'टॉवेल, इतके डझन' एवढेच लिहिले की सर्वांत कमी भाव भरणारा जिंकतो. आणि तो कमी भाव प्रथम सुतातून, मग विणीतून आणि सरतेशेवटी मजुरीतून निघतो. त्याऐवजी लांबी-रुंदी, चौरस मीटरचे वजन, सुताचा नंबर आणि इंचातले आडवे धागे असे चार आकडे लिहा, आणि माल आला की पट्टी, काटा व भिंग घेऊन तपासा. एवढे केले तर रुग्णाच्या अंगाला चांगला टॉवेल मिळेल, संस्थेचा पैसा वाया जाणार नाही, आणि ज्या कारखानदाराला सरळ मार्गाने धंदा करून कामगाराला पुरी मजुरी द्यावयाची आहे, तो तुमच्या निविदेत टिकून राहील. आज तो हरतो, कारण विचारणाऱ्यानेच काही विचारलेले नसते.