विरजण राखायला हवं
(किहीम येथील माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



'परदेशी गेलेले कारखाने परत येतील का?' असा विषय मला दिला आहे. माझी नोकरी पेनिसिलिन बनवण्यात गेली, म्हणून त्याच्याबद्दलच बोलतो.

१९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची त्याला मदत होती. पुढे खासगी कारखानेही निघाले आणि पेनिसिलिन देशातच बनू लागलं. १९९१ नंतर आयात खुली होत गेली. चीनचा माल इतका स्वस्त पडू लागला की इथल्या टाक्या एकेक करून थंड झाल्या. आमचा विभाग बंद झाला तेव्हा मी चाळिशीत होतो, मुलगी पाचवीत होती. बरोबरीच्या कुणी विमा विकला, कुणी गावी येऊन वाडी धरली.

२०२० मध्ये करोना आला आणि चीनचा माल अडला तर काय, या प्रश्नाने सगळ्यांची झोप उडाली. अमॉक्सिसिलिनच्या साध्या गोळीचं मूळही पेनिसिलिनमध्येच आहे. त्या मार्चमध्ये केंद्र सरकारने औषधांच्या कच्च्या मालासाठी ६,९४० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. २०२४ मध्ये आंध्रातल्या काकीनाड्याला पेनिसिलिनचा मोठा कारखाना सुरू झाला. म्हणजे काम परत आलं, पण ज्यांचं गेलं होतं त्यांच्याकडे नाही.

पैसा आणि जकात यांनी कारखाना उभा राहतो. तो चालवणारा हात त्यांनी तयार होत नाही. पेनिसिलिन ही बुरशीची करामत. तिला साखर, हवा, तापमान सगळं वेळेवर लागतं, आणि परका जंतू शिरला की अख्खी टाकी फुकट. आमचे जुने ऑपरेटर नुसत्या वासावरून 'आज काहीतरी बिघडलंय' म्हणायचे. ते कुठल्या वहीत लिहिलेलं नव्हतं. ती माणसं घरी बसली, तशी ती विद्याही घरी बसली. घरात विरजण नसेल, तर दूध कितीही असो, दही लागत नाही.

म्हणून मागणं एकच. आज या मांडवात फिटर आहेत, बॉयलरवाले आहेत, थळच्या खत कारखान्यातून निवृत्त झालेले आहेत, गिरणीत साचे चालवलेले आहेत. महिन्यातला एक शनिवार शाळेला द्या. मुलांच्या हातात पाना द्या, मापं घ्यायला शिकवा, आपल्या कामातली खोच सांगा. पहिला शनिवार माझा. मुख्याध्यापकांशी बोलून ठेवलं आहे.

उद्या काम रायगडात परत येईल की नाही, ते आपल्या हातात नाही. आलंच, तर ते करणारी पोरं किहीम, चोंढी, सासवण्यात असावीत, एवढं नक्की आपल्या हातात आहे.