'दीनमित्र'कार मुकुंदराव पाटील आणि आपण



मराठी वृत्तपत्रं म्हटलं की आपल्याला 'दर्पण', 'केसरी', 'मूकनायक' आठवतात. आज मी बोलणार आहे 'दीनमित्र'कार मुकुंदराव पाटील यांच्याविषयी.

त्यांचा जन्म १८८५चा. वडील कृष्णराव भालेकर हे महात्मा फुले यांचे सहकारी. १८७७ साली पुण्यात 'दीनबंधू' सुरू केलं ते त्यांनीच. दत्तक गेल्यामुळे मुकुंदरावांचं आडनाव पाटील झालं. १९१० साली त्यांनी 'दीनमित्र' साप्ताहिक काढलं आणि १९६७ साली निधन होईपर्यंत या पत्राला वाहून घेतलं.

हे पत्र निघायचं कुठून? पुण्या-मुंबईहून नाही, तर तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या नेवासे तालुक्यातील तरवडी या खेड्यातून! तिथं त्यांनी छापखाना चालवला. एकेक खिळा जुळवायचा, कागद आणि शाई बाहेरून आणायची, अंक टपालात टाकायचे. ज्या शेतकऱ्यांसाठी हा खटाटोप होता, त्यांच्यातल्या बहुतेकांना वाचताही येत नव्हतं. तरीही ते थांबले नाहीत.

सत्यशोधक असल्याने त्यांनी भटशाहीवर आणि सावकारीवर टीका केली. 'कुलकर्णी लीलामृत' हे काव्य लिहून गावकारभारातल्या लबाडीची टर उडवली. पण ते एवढ्यावरच थांबले असते, तर मी आज त्यांच्याबद्दल बोललो नसतो. आपल्याच बहुजन वाचकांची अंधश्रद्धा आणि शिक्षणाविषयीची अनास्था यांवरही त्यांनी तितकंच कडक लिहिलं. वाचक दुखावतील म्हणून लेखणी आवरली नाही.

आपली नेहमीची तक्रार असते, की मीडिया मुसलमानांबद्दल चुकीचं दाखवतो. तक्रार खरी आहे. पण आपण मराठीत स्वतःबद्दल किती लिहितो? आणि तलाक, मुलींचं शिक्षण, आपल्यातली जातपात हे विषय निघाले की गप्प का बसतो? बाहेरच्यांना जाब विचारायचा आणि घरातलं झाकून ठेवायचं, असं केलं तर आपल्या शब्दाला वजन कसं येणार?

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आज चॅनेल किंवा ब्लॉग दहा मिनिटांत सुरू होतो. तिसऱ्या महिन्यात तो बंद पडतो, कारण लाइक्स येत नाहीत. मुकुंदरावांनी अर्धशतकाहून जास्त काळ पत्र चालवलं. तुमच्यापैकी पाच जणांनी जरी ठरवलं, की वर्षभर दर आठवड्याला आपल्या मोहल्ल्याबद्दल मराठीत एक पान लिहायचं, तरी सुरुवात होईल. नावं आजच नोंदवू या.