सड्यावरच्या रेघा कोणाच्या?



आपल्याच कन्नड तालुक्यातल्या पितळखोऱ्याच्या उत्खननात एक यक्षमूर्ती सापडली. सध्या ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ही मूर्ती कण्हदास नावाच्या सोनाराने घडवली, असं तिच्या हातावरच कोरलेलं आहे. दोन हजार वर्षांहून जुना हा कारागीर नाव आणि धंदा सांगून मोकळा झाला! अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातही वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव आपलं दान शिलालेखात नोंदवून ठेवतो. अशा नाव राखणाऱ्या मुलखातल्या माणसाला कोकणातली कातळशिल्पं छळणारच. तिथं नाव नाही, तारीख नाही, दानपत्र नाही.

रत्नागिरी, राजापूर, लांजा या भागात जांभ्याची उघडी पठारं आहेत, त्यांना सडा म्हणतात. पावसाळ्यात त्यांच्यावर गवतफुलं येतात, एरवी नुसता कातळ. या कातळात आडवी कोरलेली चित्रं आहेत: हत्ती, वाघ, मासे, माणसं आणि अर्थ न लागणारे नक्षीदार चौकोन. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी गुराख्यांना, शेतकऱ्यांना विचारत, सडे पालथे घालत यातली शेकडो चित्रं उजेडात आणली. गावकऱ्यांना ती ठाऊक होतीच. फक्त आपण त्यांना कधी विचारलं नव्हतं. 2022 मध्ये कशेळी, बारसू, उक्षी, सिंधुदुर्गातलं कुडोपी, गोव्यातलं फणसायमळ अशी नऊ ठिकाणं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली.

कशेळीच्या हत्तीपाशी जरा थांबू. लांबी सुमारे 18 मीटर, रुंदी 13. जवळ उभं राहिलं की हत्ती दिसतच नाही. पायाशी नुसती एक खोदलेली रेघ असते, ती धरून चालत गेलं की मग कुठे पाठ, सोंड लक्षात येते. आणि पोटात? पोटात पक्षी, मासे, इतर प्राणी, एकाला एक चिकटून. डोंगरातलं आणि दर्यातलं जनावर एकाच कातडीत! कोरणाऱ्याला रान आणि समुद्र दोन्ही तोंडपाठ होते, एवढं तर यातून कळतंच.

कोणी केलं, या प्रश्नाला दोन तयार उत्तरं आहेत. पहिलं पांडवांचं. महाराष्ट्रातला कोणताही अवघड दगड पांडवांनी एका रात्रीत कोरलेला असतो. दुसरं परग्रहवासीयांचं. एरिक फॉन डॅनिकनने 1968 मध्ये पेरूतल्या नाझ्काच्या रेषांना ते चिकटवलं आणि तेव्हापासून जमिनीवर मोठं चित्र दिसलं की कोणी तरी आकाशाकडे बोट दाखवतंच. मला पांडव परवडतात. ते निदान आपल्यातले आहेत. पण दोन्ही उत्तरांच्या तळाशी एकच अविश्वास आहे: इथल्या साध्या, शिकार करून जगणाऱ्या माणसाला एवढं जमेलच कसं?

का जमू नये? पटांगणभर रांगोळी काढणारी मंडळी काय विमानातून पाहत काढतात? दोरी, खुंटी, पावलांचं माप आणि दूर उभं राहून ओरडणारा एक जाणता माणूस, एवढ्यावर भागतं. नाझ्कात वरचे काळपट खडे बाजूला सारून खालची फिकट जमीन उघडी केली होती. आपल्याकडे दगडाने दगड फोडायचा होता. काम जास्त कष्टाचं, पण दैवी नक्कीच नाही.

बरं, ती माणसं कधीची? चित्रांत शिकारीची जनावरं भरपूर दिसतात, शेतीच्या कामाची चित्रं मात्र सापडलेली नाहीत. शिवाय गेंडा आहे. महाराष्ट्राच्या रानात आज गेंडा कुठला! मात्र गुजरातेत लांघणजला, मध्याश्मयुगीन वस्तीत, गेंड्याचं हाड मिळालेलं आहे. तेव्हा पश्चिम भारतात हा प्राणी होता आणि माणसाच्या ओळखीचाही होता. म्हणून अनेक अभ्यासक शेतीपूर्व काळाकडे, दहा-बारा हजार वर्षं मागे, बोट दाखवतात. हा अंदाज आहे, कालमापन नव्हे. इंग्लंडमधल्या अफिंग्टनच्या पांढऱ्या घोड्याचं वय काढता आलं, कारण त्याच्या चरात भरलेल्या खडूखाली माती दबून राहिली होती. त्या मातीच्या कणांवर शेवटचं ऊन कधी पडलं, हे मोजता येतं. कोकणातला पाऊस सड्यावर माती ठेवतो कुठे! म्हणून आता आसपासच्या गुहा खणल्या जातात. सिंधुदुर्गात कोळोशीच्या गुहेत दगडी हत्यारं मिळाली आहेत. कोरणाऱ्याचा माग लागला तर असाच, शेजारच्या घरातून लागेल.

तोवर सडे शिल्लक राहिले पाहिजेत. जांभ्याचे चिरे घराला लागतात, चिरेखाणीवर लोकांची पोटं आहेत, जमिनी बहुतेक खाजगी. मालकाला नुसतं ‘वारसा, वारसा’ म्हणून भागणार नाही, त्याच्या हातात चार पैसे पडावे लागतील. बारसूच्या सड्यावर रिफायनरीचा वाद पेटला, तेव्हा कातळशिल्पांची नावं वर्तमानपत्रात आली. एरवी त्यांना विचारतो कोण?

आता आपले प्रश्न घेतो. देवाचे गोठणेच्या चित्रापाशी होकायंत्राची सुई का भरकटते, हे कोणी तरी विचारणारच, म्हणून आधीच सांगतो: जांभ्यात लोखंड भरपूर असतं. यक्ष-किन्नरांना मध्ये आणण्याआधी ते तपासा. बाकी विचारा.