'सोडून दिलेली' जमीन
(कार्यकर्ता शिबिरात केलेलं भाषण)



आज मी आर्मेनियन लोकांबद्दल बोलणार. नाव परकं वाटेल, पण गोष्ट ऐका.

आजच्या तुर्कस्तानात हे ख्रिस्ती लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते, शेती करत होते. 1915 साली, पहिलं महायुद्ध चालू असताना, तिथल्या उस्मानी सरकारने त्यांना गावागावांतून हाकललं. पुष्कळ पुरुषांना आधीच मारलं. बाया-पोरांना सीरियाच्या वाळवंटाकडे पायी चालवत नेलं. लाखो माणसं मेली. मग त्यांच्या घरांचा, शेतांचा कायदा केला. त्या कायद्यात या मालमत्तेला नाव काय दिलं? 'सोडून दिलेली मालमत्ता'. बघा! हाकललं सरकारने, आणि कागद म्हणतो हेच सोडून गेले. पुढे पुष्कळ गावांची नावंसुद्धा बदलली.

वाचलेले लोक सीरिया, लेबनॉन, फ्रान्स, अमेरिकेत पांगले. पण एकेका गावची माणसं हुडकून एकत्र आली. त्यांनी मंडळं काढली, आपापल्या गावाची पुस्तकं केली. झरा कुठे, चर्च कुठे, कोणती घराणी होती, लग्न कसं लावायचे, सगळं लिहिलं.

मुसा दाग डोंगराजवळच्या गावांनी तर 1915 ला हुकूमच मानला नाही. डोंगरावर चढून लढले. शेवटी फ्रेंच जहाजांनी चार हजारांवर माणसं वाचवली. युद्धानंतर ती घरी परतली. पण 1939 ला तो मुलूख तुर्कस्तानात गेला आणि बहुतेकांना पुन्हा निघावं लागलं. त्यांनी लेबनॉनमध्ये आंजार वसवलं. तिथल्या वस्त्यांना जुन्या सहा गावांचीच नावं आहेत. दर सप्टेंबरात रात्रभर मोठ्या हंड्यांत गहू आणि मटण शिजवतात. त्याला हरिसा म्हणतात. सकाळी सगळे मिळून खातात. पोरं हंड्याजवळच डोंगराची गोष्ट ऐकतात.

आठवणीने त्यांची जमीन परत आली नाही, हे खरं. पण 'सोडून गेले' हे कागदावरचं खोटं त्यांच्या नातवंडांनी मानलं नाही.

माझ्या आजीला आमच्या बुडालेल्या शेताचं, ओहळाचं, प्रत्येक बांधाचं नाव माहीत होतं. मी कधी विचारलं नाही. ती गेली, नावंही गेली. म्हणून सांगतो, आज घरी गेल्यावर वही घ्या आणि म्हाताऱ्यांजवळ बसा. सरकारी कागद येईल तेव्हा येईल. आपला आधी लिहू.

जिंदाबाद!