वसंतातील स्पर्धा आणि आपण वडीलधारी मंडळी

(संघाच्या विद्यार्थी-गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने मला आज चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आणि विषयाची निवड मजवर सोपविली, याबद्दल मी मंडळाचा आभारी आहे. गुणवंतांच्या कौतुकाचा प्रसंग असल्यामुळे मी गुणांविषयी बोलेन अशी आपली अपेक्षा असेल. ते काम टाळ्यांनी केलेच आहे. मी बोलणार आहे ते गुणपत्रिकेत ज्याला रकाना नाही अशा एका गोष्टीविषयी.

माघ सरत आला की आपल्या पुण्यातील शाळांचे रूप पालटते. स्नेहसंमेलन आटोपलेले असते, पण त्याच्या पताकांच्या दोऱ्या अजून खिडक्यांना लोंबत असतात. पटांगणावर वर्गावर्गांचे खो-खो आणि कबड्डीचे सामने रंगतात, हस्तलिखिताची पाने रंगविली जातात. 27 फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, मराठी भाषा गौरव दिन. आणि दुसऱ्याच दिवशी विज्ञान दिन, कारण चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1928 साली त्या तारखेला आपला शोध जाहीर केला. दहावीची मुले तेवढी या आनंदास मुकतात. ती बिचारी घरात कोंडून घेऊन प्रश्नपत्रिका सोडवीत असतात. तो विषय निराळा आहे आणि त्यावर बोलू लागलो तर अध्यक्ष महाराज घंटा वाजवतील.

या सर्व उपक्रमांत मला विशेष जिव्हाळा आहे तो वक्तृत्वस्पर्धेचा. पुण्याचे आणि वक्तृत्वाचे नाते जुने आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने 1875 साली येथे वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. ती चालविणाऱ्या संस्थेचे नावच वक्तृत्वोत्तेजक सभा असे आहे. माणसाने चारचौघांत उभे राहून आपला विचार नीट मांडावा, ही गोष्ट उत्तेजन देण्याजोगी आहे असे त्या पिढीस वाटले. आज आपण तीस कोणते उत्तेजन देत आहो?

परीक्षक म्हणून मी अनेक शाळांत जात असतो. एका शाळेत, तिचे नाव मी सांगत नाही, आठवीच्या तीन स्पर्धकांनी एकाच वाक्याने आरंभ केला. तिघांचे हात एकाच शब्दावर वर गेले. विषय होता ‘माझे आवडते पुस्तक’. त्यातील एका मुलीस मी सहज विचारले, “बाळ, या पुस्तकातील तुला न आवडलेले असे काही आहे का?” ती क्षणभर गोंधळली आणि प्रेक्षकांत बसलेल्या आपल्या आईकडे पाहू लागली. मग हळूच म्हणाली, “शेवट. तो मला खोटा वाटतो.” त्या दिवशी ऐकलेल्या सर्व भाषणांत तिचे स्वतःचे असे तेवढेच एक वाक्य होते, आणि मला ते सर्वांत मोलाचे वाटले. दुर्दैवाने त्यास गुण देण्याचा नियम नव्हता.

भाषण लिहितात वडील, हातवारे बसवितात शिकवणीच्या बाई, आणि बक्षीस आले की पेढे वाटते सारे घर. मूल मात्र ध्वनिक्षेपकासारखे मध्ये उभे असते.

यावर कोणी म्हणेल की, लहान मुलास मदत करू नये काय? अवश्य करावी. याचे उत्तम उदाहरण रानड्यांच्या घरातच आहे. रमाबाई लग्न होऊन आल्या तेव्हा अकरा वर्षांच्या होत्या आणि त्यांना अक्षरओळख नव्हती. पतीने त्यांना शिकविले. पुढे नाशिकच्या शाळेतील समारंभात बोलण्याचा प्रसंग आला तेव्हा त्यांचे ते पहिले भाषण रानड्यांनीच लिहून दिले होते. परंतु रानडे जन्मभर लिहून देत बसले नाहीत. त्याच रमाबाईंनी पुढे मराठीत आणि इंग्रजीत सभा गाजविल्या, पुण्याच्या सेवासदनाची धुरा वाहिली आणि आपल्या आठवणी स्वतःच्या शब्दांत लिहिल्या. पहिले भाषण लिहून देण्यात काही वावगे नाही, पाठांतरही वाईट नाही. मोरोपंतांच्या आर्या पाठ केल्याने कोणाची जीभ बिघडलेली मी पाहिली नाही. प्रश्न आहे तो दुसऱ्या आणि तिसऱ्या भाषणाचा. तेथेही आपलीच लेखणी चालू राहिली तर आपण मुलास काय शिकविले? स्वतःचे मत सांगण्यापूर्वी आईच्या तोंडाकडे पाहावे, हेच ना?

खो-खोच्या पटांगणावर हे संकट नाही. तेथे आपल्याला मुलाऐवजी धावता येत नाही. आठजण आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेले, नववा पाठलाग करणारा. केव्हा खो मिळेल हे बसणाऱ्यास ठाऊक नसते, आणि मिळताच निर्णय त्याचा त्यालाच घ्यावा लागतो. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीस या खेळाची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली आणि भारताच्या पुरुष व महिला या दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळवर विजय मिळविला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोघेही कर्णधार महाराष्ट्राचे. ज्या खेळास आपण ‘वेळ घालविणे’ म्हणत आलो, त्याची ही कथा.

आणखी एका वर्गाकडे आपले लक्ष वेधावयाचे आहे. रंगमंचावर चमकणारी मुले वीस. सतरंज्या घालणारी, पडदा ओढणारी, दारात उभी राहणारी मुले शंभर. गोपाळ कृष्ण गोखले यांच्याविषयी एक हकीकत सांगितली जाते. पुण्यातील एका समारंभात तरुण गोखले दारावर स्वयंसेवक होते आणि निमंत्रणपत्रिका जवळ नाही म्हणून त्यांनी प्रत्यक्ष रानड्यांनाच थांबविले. पुढे तेच रानडे त्यांचे गुरू झाले. आपल्या मुलाचे नाव कार्यक्रमपत्रिकेत नाही म्हणून संमेलनास न जाणारे पालक मी पाहिले आहेत. दारावरच्या मुलास घरी कोणी विचारीतही नाही की, आज तू काय केलेस?

म्हणून कार्यकारी मंडळापुढे दोन सूचना ठेवतो. आपल्या संघाच्या वक्तृत्वस्पर्धेत पाचवी ते सातवीच्या गटास भाषण पाठ करून येण्याची मुभा असावी. आठवीपासून मात्र विषय तेथेच चिठ्ठी काढून द्यावा, विचार करण्यास पंधरा मिनिटे द्यावीत, आणि भाषणानंतर परीक्षकांनी एक प्रश्न विचारून त्याच्या उत्तरास निम्मे गुण ठेवावेत. पहिल्या वर्षी मुले अडखळतील, काही रडतीलही. पालकांच्या तक्रारी येतील त्या चिटणीसांनी माझ्याकडे पाठवाव्यात. दुसरी सूचना अशी की, शाळेतील उत्तम स्वयंसेवकासाठी एक पारितोषिक असावे आणि त्याची शिफारस शिक्षकांनी नव्हे, वर्गातील मुलांनी करावी. त्या पारितोषिकाची पहिल्या पाच वर्षांची रक्कम देण्याची माझी तयारी आहे. तसे पत्र मी आजच कोषाध्यक्षांच्या हाती दिले आहे.