लाळेचे घरटे

(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



घरटे म्हटले की डोळ्यांसमोर काडी येते. काडी काडी जमवून संसार उभा केला, असे माणसांविषयीही म्हटले जाते. परंतु या जगात एक चिमुकला पक्षी असा आहे की जो एकही काडी न आणता घरटे बांधतो. त्याचे बांधकाम-साहित्य म्हणजे त्याच्या तोंडातील लाळ. आणि नवल असे की, त्या घरट्याला माणूस पक्वान्न मानतो.

या पक्ष्याकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. घरटे हे पक्ष्याचे घर नव्हे, तो पाळणा आहे. बहुतेक पक्षी केवळ अंडी घालण्यापुरते आणि पिले वाढविण्यापुरते घरटे वापरतात. पिले उडाली की त्याचे प्रयोजन संपते. हा पाळणा प्रत्येक जातीने आपापल्या परिस्थितीनुसार घडविला आहे. टिटवी उघड्या जमिनीवरच खड्यांमध्ये अंडी घालते. खड्यांसारखा रंग हेच त्या अंड्यांचे संरक्षण. भिंगरी ओल्या चिखलाच्या गोळ्या चोचीने आणून पुलाखाली वाटी लिंपते. शिंपी पानांच्या कडांना भोके पाडून ती कापसाने व कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यांनी टाचतो. धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत शिरून तिचे तोंड लिंपून घेते आणि एका अरुंद फटीतून नर तिला फळे भरवीत राहतो. सुगरण हे नाव स्त्रीलिंगी असले, तरी खोपा विणणारा कारागीर नर असतो. तो अर्धा खोपा विणून थांबतो. मादी येऊन पाहणी करते. तिच्या पसंतीस उतरला तर काम पुढे जाते, अन्यथा त्याला नव्याने आरंभ करावा लागतो.

आता लाळेच्या घरट्याकडे वळू या. हे घरटे पाकोळीच्या कुळातील पक्ष्यांचे. पाकोळ्यांचे पाय इतके आखूड असतात की त्यांना फांदीवर बसता येत नाही, केवळ उभ्या कड्याला वा भिंतीला बिलगता येते. जमिनीवर उतरून काडी उचलणेही त्यांना साधत नाही. जुन्या इमारतींत राहणाऱ्या आपल्या परिचयाच्या पाकोळ्या हवेत तरंगणारी पिसे व गवताचे तुकडे उडता उडता पकडतात आणि लाळेने चिकटवितात. आग्नेय आशियातील गुहांमध्ये राहणाऱ्या एका जातीने हे तंत्र टोकाला नेले. तिने पिसे आणि गवत जवळजवळ वर्ज्य केले आणि केवळ लाळ ठेवली.

विणीचा हंगाम आला की या पक्ष्याच्या जिभेखालील ग्रंथी फुगतात. गुहेच्या काळोखात तो कड्याला बिलगतो आणि डोके इकडून तिकडे फिरवीत लाळेचा धागा दगडावर ओढीत जातो. हवा लागताच धागा घट्ट होतो. थरावर थर चढत पाच-सहा आठवड्यांत अर्ध्या वाटीच्या आकाराचे, पांढरट, पारभासक घरटे तयार होते. त्यात दोन अंडी मावतात. त्या काळोखात पक्ष्याला वाट कशी सापडते? तो तोंडाने 'टिकटिक' असा आवाज काढतो आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून भिंत ओळखतो. वटवाघळाचा आवाज बहुधा माणसाच्या श्रवणशक्तीपलीकडचा असतो. या पक्ष्याची टिकटिक मात्र माणसाला स्पष्ट ऐकू येते.

चिनी खाद्यपरंपरेत या घरट्याला शतकानुशतके मान आहे. अठराव्या शतकातील 'लाल महालाचे स्वप्न' या विख्यात चिनी कादंबरीतील आजारी नायिकेलाही ते पथ्य म्हणून दिले जाते. घरटे कित्येक तास पाण्यात भिजवितात, अडकलेली बारीक पिसे चिमट्याने वेचून काढतात आणि मग ते खडीसाखरेसह वाफवतात किंवा कोंबडीच्या रश्श्यात शिजवितात. मौज अशी की, घरट्याला स्वतःची अशी चव जवळजवळ नसते. त्यात निम्म्याहून अधिक प्रथिने असतात. त्याला जोडलेल्या औषधी गुणांपैकी बहुतेकांना मात्र अद्याप भक्कम वैज्ञानिक आधार मिळालेला नाही. काही घरटी लाल असतात. तो पक्ष्याच्या रक्ताचा रंग, अशी समजूत फार जुनी. प्रत्यक्षात गुहेतील विष्ठेपासून सुटणाऱ्या वायूंमुळे तो रंग चढतो.

एक किलो वजन भरण्यास शंभराच्या आसपास घरटी लागतात आणि उत्तम पांढऱ्या घरट्यांचे मोल लाखाच्या घरात जाते. म्हणूनच बोर्निओ बेटावरील निआ आणि गोमांतोंग येथील गुहांत माणसे वेताच्या शिड्यांवरून आणि बांबूंवरून भयावह उंचीवर चढतात. गोमांतोंगमध्ये काढणीला नियम आहे. पहिली तोड अंडी घालण्यापूर्वी करावयाची, म्हणजे पक्ष्याला दुसरे घरटे बांधण्यास अवधी मिळतो. दुसरी तोड पिले उडून गेल्यावर. जावा बेटावर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून या पक्ष्यांसाठी अंधाऱ्या इमारती राखल्या जाऊ लागल्या आणि आज बाजारातील बराच माल अशा पाखरघरांतून येतो.

नियम नसेल तर काय होते, याचे उदाहरण भारतातच आहे. अंदमान-निकोबार बेटांवरील चुनखडीच्या गुहांत ही पाकोळी राहते. कोइमतूरच्या सालिम अली पक्षिविज्ञान केंद्राचे शास्त्रज्ञ रवि शंकरन यांनी १९९० च्या दशकात या गुहा धुंडाळल्या, तेव्हा पाखरांची संख्या सुमारे ८० टक्क्यांनी घटल्याचे त्यांना आढळले. घरटे हाती येताच ते तोडले जात होते. अंडी असोत वा पिले, ती खाली फेकली जात होती. आपण थांबलो तर दुसरा कोणी तोडील, ही भीती प्रत्येकाच्या मनात होती. शंकरन यांनी या माणसांना केवळ चोर ठरविले नाही. गुहा आणि पाखरांच्या सवयी त्यांच्याइतक्या कोणालाच ठाऊक नव्हत्या. म्हणून वनखात्याच्या साहाय्याने त्यांच्यापैकीच काहींना गुहांचे रक्षक नेमण्यात आले. पिले उडाल्यानंतरचे रिकामे घरटे घ्यावे आणि त्याचा लाभ राखणदारांना मिळावा, हा त्यामागील विचार होता. इंटरव्ह्यू बेट आणि उत्तर अंदमानातील चालीस-एक येथील राखलेल्या गुहांत पाखरे पुन्हा वाढू लागली. २००९ मध्ये शंकरन यांचे अकाली निधन झाले, परंतु पक्षी वाचवावयाचा तर त्याच्यावर पोट असलेल्या माणसाला सोबत घ्यावे लागते, हा त्यांचा धडा मागे उरला.

महाराष्ट्राचाही या कथेशी संबंध आहे. वेंगुर्ल्यासमोरच्या समुद्रातील खडकाळ बेटांवर याच कुळातील भारतीय पाकोळी घरटी करते. हुमायून अब्दुलअली यांनी १९४२ मध्ये तेथील पाखरांविषयी लिहून ठेवले आहे. तिची घरटी लाळेत शेवाळ आणि पिसे मिसळून झालेली असतात, तरीही ती चोरट्या व्यापारातून सुटली नाहीत. या शतकाच्या आरंभी चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने त्यांच्या रक्षणाचे काम हाती घेतले.

विद्यार्थी मित्रहो, घरटे तोडले की पक्षी रडत बसत नाही, तो पुन्हा बांधू लागतो. परंतु लाळ तयार होण्यास अन्न लागते, वेळ लागतो, आणि हंगाम कोणासाठी थांबत नाही. वारंवार तोडलेल्या घरट्याची किंमत अखेर न जन्मलेल्या पिलांनी चुकती केलेली असते. म्हणून 'घरटे घ्यावे की नाही' याहून 'केव्हा घ्यावे' हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. त्याचे उत्तर गोमांतोंगच्या नियमाने आणि अंदमानच्या राखणदारांनी दिले आहे : पिलाची वेळ आधी, माणसाची नंतर.

महाराष्ट्रापासून दूर, परमुलखात मराठी शाळा उभी करणाऱ्यांच्या हाताशीही काड्या फारशा नव्हत्या. जे होते ते त्यांच्या तोंडी होते, आणि ती होती भाषा. तिच्याच धाग्यांनी थरावर थर देत त्यांनी हा पाळणा साठ वर्षांपूर्वी बांधला. त्यातून उडालेली पाखरे आज या सभागृहात बसली आहेत. पाळणा रिकामा झाला म्हणून तो तोडण्याची घाई कोणी करू नये. पुढचा हंगाम जवळ आला आहे.