खाडीचे कागद मराठीत आणा



कोकणात साहित्य संमेलन भरलं की अध्यक्षानं इथल्या निसर्गाचं कौतुक करायचं, असा प्रघात आहे. तो मी आज पाळणार नाही. परशुराम घाट चढून वर आलं की लोट्याचं पठार लागतं. एका अंगाला जगबुडी नदी, दुसऱ्या अंगाला वाशिष्ठी आणि मधे रासायनिक कारखान्यांची वसाहत. तिथलं सांडपाणी सामायिक प्रक्रिया केंद्रातून नळानं करंबवण्याला दाभोळ खाडीत सोडलं जातं. ते तिथून समुद्रात निघून जातं असं ज्यांना वाटतं, त्यांनी खाडीत मासे धरणाऱ्या भोयांना विचारावं. ओहोटीला गेलेलं पाणी भरतीला परत येतं. भांगाच्या, म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या, दिवसांत तर ते धड हलतही नाही.

पाग टाकणारा माणूस पाणी बघूनच बोलतो. फेस कुठल्या काठाला धरलाय, जाळ्याला वास कसला येतोय, बोयटं पाण्यावर तोंड काढून का फिरतायत, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. पाण्यातला प्राणवायू संपला की मासा वर येतो. पुस्तकातही हेच लिहिलं आहे. पहिल्या पावसानंतर मेलेल्या माशांचा खच कधी लागतो, ते इथल्या बायका सांगतात. कालवं फोडायला कुठले दगड सोडून द्यावे लागले, तेही त्या सांगतात. नमुन्याची बाटली घेऊन साहेब येईपर्यंत दोन भरत्या होऊन गेलेल्या असतात. मग अहवाल येतो की सगळं मर्यादेत आहे. आणि ज्यांनी पाहिलं, ते अडाणी ठरतात!

या लोकांना विकासविरोधी म्हणणाऱ्यांना मी आज उत्तर देणार आहे. 2010 साली केंद्र सरकारनंच डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली पश्चिम घाटासाठी समिती नेमली. तिनं ऑगस्ट 2011मध्ये अहवाल दिला. तो सरकारनं दाबून ठेवला आणि माहितीच्या अधिकाराची लढाई दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेल्यावर मे 2012मध्ये बाहेर काढला. त्यात लोट्याची हकीकत आहे. कारखान्यांनी सुमारे 11 हजार जणांना काम दिलं. दाभोळ खाडीतल्या मच्छीमारांचं म्हणणं आहे की प्रदूषणानं त्यांच्यातल्या 20 हजारांचं काम गेलं. हा हिशेब चुकीचा वाटत असेल, तर सरकारनं स्वतः मोजून दाखवावा. आणखी एक आकडा त्यात आहे, तो मला झोपू देत नाही. ऑगस्ट 2007 ते ऑक्टोबर 2009 या काळात रत्नागिरी जिल्ह्यात मुंबई पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली 191 दिवस जमावबंदी होती. लोक एकत्र येऊन बोलतील याची एवढी धास्ती ज्यांना वाटते, त्यांनी लोकांना विकास शिकवू नये.

आता इटलीकडे या. तिथं व्हेनेतो प्रांतात त्रिसिनो गावी मितेनी नावाचा कारखाना होता. तो पीएफएएस जातीची रसायनं करायचा. ही रसायनं निसर्गात जवळपास विघटितच होत नाहीत. सांडपाण्यावरच्या नेहमीच्या जैविक प्रक्रियेनं ती तुटत नाहीत. ती भूजलात उतरली आणि साडेतीन लाखांच्या आसपास लोकांना पाण्याचा घोर लागला. मुलांच्या रक्तात रसायन सापडलं, तेव्हा तिथल्या आया रस्त्यावर आल्या, तपासण्या मागितल्या, खटल्याच्या तारखांना जाऊन बसल्या. 2018मध्ये कारखान्याचं दिवाळं निघालं. जून 2025मध्ये विचेंझाच्या न्यायालयानं 11 माजी अधिकाऱ्यांना शिक्षा सुनावल्या. आणि त्या कारखान्याची यंत्रसामग्री? ती 2019मध्ये एका भारतीय कंपनीच्या उपकंपनीनं विकत घेतली आणि ती लोट्याला आली.

त्या यंत्रांतून आज काय बाहेर पडतं, याचा निवाडा मी या व्यासपीठावरून करणार नाही. माझा सवाल वेगळा आहे. ती येण्याआधी खाडीपट्ट्यातल्या किती ग्रामसभांना त्रिसिनोचं नाव कुणी सांगितलं होतं? आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस 10500मध्ये, पीएफएएसला मर्यादाच घातलेली नाही. ज्याला मर्यादा नाही, ते मर्यादेतच राहणार!

जनसुनावणीत विचारा, असं कुणी म्हणेल. 14 सप्टेंबर 2006च्या पर्यावरण-मंजुरीच्या अधिसूचनेनं मंजूर औद्योगिक वसाहतीतल्या प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट दिलेली आहे. जिथं सुनावणी होते, तिथं पर्यावरण अहवालाचा सारांश तेवढा स्थानिक भाषेत. शेकडो पानांचा मूळ अहवाल इंग्रजीत. 2020मध्ये हीच अधिसूचना बदलायचा मसुदा आला. तो आठव्या परिशिष्टातल्या सर्व 22 भाषांत द्या, असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयानं दिला. केंद्र सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. लोकांना त्यांच्या भाषेत सांगायचं नाही, यासाठी सरकार कोर्टात भांडलं.

इथं साहित्यिकांचा संबंध येतो. 3 ऑक्टोबर 2024ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आपण पेढे वाटले. मला त्या दर्जाचा अभिमान आहे. पण आपल्या पोटात जाणाऱ्या विषाची माहिती ज्या कागदांत आहे, ते मराठीत नसतील, तर आपण ढोल कशाचे बडवतो? भाषेचं रक्षण म्हणजे दुकानांच्या पाट्या एवढंच समजणाऱ्यांशी माझं जाहीर भांडण आहे. त्याहून मोठं भांडण आपल्याच लेखकांशी आहे. नारळी-पोफळी, लाल माती आणि चुलीवरची आमटी यांवर आपण पिढ्यान् पिढ्या लिहिलं. खाडीच्या काठी राहून तिचा वास ज्याच्या लिखाणात आला नाही, त्यानं डोळ्यांबरोबर नाकही मिटून घेतलं होतं.

संमेलनात राजकारण नको, असा निरोप मला काल संध्याकाळी आला. राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे यांनी रिफायनरीच्या वादावर बातमी लिहिली. 6 फेब्रुवारी 2023ला ती छापून आली, त्याच दिवशी त्यांच्यावर गाडी घातली गेली आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. मराठीत लिहिणारा माणूस मराठीत लिहिल्याबद्दल मरतो आणि साहित्य संमेलनानं गप्प बसायचं? मी बसणार नाही.

कारखान्यात नोकरी करणारी मुलं या मंडपात आहेत, त्यांच्यासमोर हात जोडून बोलतो. तुमची नोकरी जावी असं इथल्या एकाही आंदोलकाला वाटत नाही. वायुगळती झाली तर पहिला बळी तुमचाच जाईल. आत काय बनतं हे विचारण्याचा हक्क तुमच्या आईइतकाच तुम्हालाही आहे.

म्हणून तीन ठराव मांडतो. पहिला: खाडीपट्ट्यातल्या प्रत्येक प्रकल्पाचा पूर्ण पर्यावरण अहवाल आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र मराठीत ग्रामपंचायतीत ठेवावं. सरकार ते करेपर्यंत भाषांतराचं काम आपल्या साहित्य मंडळानं अंगावर घ्यावं. कोश आहेत, निवृत्त मास्तर आहेत, रसायनशास्त्राचे प्राध्यापक आहेत. दुसरा: पुढच्या संमेलनाला एकाही रासायनिक कारखान्याची देणगी घेऊ नये. तिसरा: गावोगावच्या वाचनालयांत एक वही ठेवावी. मासे मेले की तारीख, तिथी, भरती की ओहोटी, रंग, वास आणि पाहणाऱ्याची सही, हे सगळं त्याच दिवशी लिहावं. कोर्टात आपल्या शब्दाला पुरावा लागतो, तो या वहीतून उभा राहील.

ठरावांचा कागद मंडपाच्या दाराशी टेबलावर आहे. पहिली सही मी केलेली आहे. देणगीच्या ठरावाला कार्यकारिणीतल्या काहींचा विरोध आहे, हे मला माहीत आहे. त्यांनी तो इथं, माइकवर, नाव सांगून मांडावा. जेवणाची पंगत त्यानंतर बसेल.